सिस्टरच्या फोनमधली अकरा अ‍ॅप्स

"आधी काढून दाखव. मंग टाक."

सिस्टर माझ्या दुकानात आल्या त्या दिवसापासून हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं, की आता नव्या मशीनला हात लावला की ते आपोआप कानात वाजतं. साखरखेर्ड्यात बसस्टँडच्या मागच्या बाजूला माझं कॉम्प्युटरचं दुकान आहे. विक्री, दुरुस्ती, ऑनलाइन फॉर्म आणि झेरॉक्स, सगळं एकाच खोलीत. कोणी नवा कॉम्प्युटर घेतला की आम्ही दुकानदार काय करतो, ते तुम्हीही पाहिलं असेल. एका पेनड्राइव्हमध्ये वीस-बावीस सॉफ्टवेअर भरून ठेवलेली असतात, ती एका दमात मशीनमध्ये ओतून देतो. त्याला आम्ही 'पॅकेज' म्हणतो. भरपूर मिळालं म्हणून गिऱ्हाईक खूश असतं. त्यातली बहुतेक पुढे कोणी उघडतही नाही.

सिस्टर नवा कॉम्प्युटर घ्यायला आल्या होत्या. मी पेनड्राइव्ह लावला, तर त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. यात काय काय आहे, ते एकेक सांग म्हणाल्या. मी भराभर नावं घेतली. त्यांनी विचारलं, यातलं एखादं नाही आवडलं तर काढायचं कसं? मी म्हटलं, काढता येतं, पण ते नंतर बघू.

"नंतर नाही," सिस्टर म्हणाल्या. "मी लय बायांले तांबी बसोली. ज्या नर्सले तांबी काढता येत नाही, तिनं बसवाले हातच लावू नये. आधी काढून दाखव. मंग टाक."

बाजूच्या बाकावर सातबाऱ्यासाठी थांबलेले एक गृहस्थ होते. त्यांनी हातातला कागद चेहऱ्यासमोर धरला आणि सिस्टर जाईपर्यंत तो खाली घेतला नाही.

सिस्टरनी लोणारकडच्या गावांत, आरोग्य उपकेंद्रांवर, सगळी नोकरी काढली होती. निवृत्त झाल्यावर साखरखेर्ड्यात स्वतःच्या दोन खोल्यांत राहायला आल्या. यजमान फार पूर्वीच गेले होते. एकुलती एक लेक नाशिकला नोकरीत होती. गावातली माणसं, बाया, म्हातारे, सगळे त्यांना सिस्टरच म्हणत. त्यांचं खरं नाव मलाही बिलावर लिहिताना पहिल्यांदा कळलं, आणि ते इथं लिहायची काही गरज नाही. अंगानं बारक्या, इस्त्रीची फिक्या रंगाची सुती साडी, आणि घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला. नाडी मोजताना तबकडी समोर राहावी म्हणून नर्सबाया घड्याळ असं बांधतात, हे मला त्यांच्याकडूनच समजलं.

त्या दिवशी त्यांनी एकही सॉफ्टवेअर टाकू दिलं नाही. कॉम्प्युटर घरी बसवून घेतला आणि मला सांगितलं, दर आठवड्याला एक टाकायचं. आठ दिवस बघीन, मग ठेवायचं की काढायचं ते सांगीन.

मला वाटलं, दोन आठवड्यांत कंटाळतील. त्या कंटाळल्या नाहीत. आठवडी बाजाराच्या दिवशी दुकानात गर्दी असते, म्हणून त्याच्या दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी जायचे. खिडकीपाशी टेबल, टेबलावर कॉम्प्युटर, शेजारी निळ्या पुठ्ठ्याची वही. त्या वहीत प्रत्येक सॉफ्टवेअरचं एक पान होतं, पेशंटच्या केसपेपरसारखं. कधी टाकलं, काय तक्रार, काय फरक. मी ती वही चोरून वाचायचे, कारण ती फार मजेशीर होती. व्हिडिओ बनवायच्या सॉफ्टवेअरपुढे लिहिलं होतं, 'मले कोणाले काही दाखवाचं नाही. काढलं.' कॅलेंडरपुढे, 'चांगलं हाये, पण तिथी सांगत नाही.' लिहायच्या एका साध्या सॉफ्टवेअरपुढे, 'शांत हाये. मधात बोलत नाही. ठेवलं.'

व्हायरससाठी मी एक फुकटचं सॉफ्टवेअर घालून दिलं होतं. ते तासातासाला कोपऱ्यात लाल चौकट दाखवायचं, की तुमचं मशीन धोक्यात आहे. आठव्या दिवशी सिस्टरनी मला विचारलं, हे मला राखतं की भेवाडतं? मी म्हटलं, राखतं. त्यांनी मान हलवली. राखणदार असा दिवसभर दारात उभा राहून बोंबलत नाही, म्हणाल्या. मग मी त्यांना सांगितलं, की मशीनसोबत जे आलेलं असतं ते चालू ठेवलं आणि वेळेवर अपडेट केलं तरी घरच्या कामाला पुरतं. हे मला आधीही माहीत होतं. पण कोणी विचारलंच नव्हतं.

एकदा मी त्यांना महागाचं एक लिहायचं सॉफ्टवेअर 'जुगाडाचं' टाकून देते म्हटलं. म्हणजे कुलूप तोडलेलं. आमच्या धंद्यात ते सर्रास चालतं आणि त्याची कोणाला लाजही वाटत नाही. सिस्टरनी समजून घेतलं, की कुलूप कोणी तोडलं, ते माहीत नसतं; तोडताना आत काय घातलं, तेही माहीत नसतं. मग शांतपणे म्हणाल्या, "सील तुटलेली सुई मी कधी कोणाले टोचली नाही." त्याऐवजी फुकट आणि सरळ मार्गानं मिळणारं एक सॉफ्टवेअर मी त्यांना शोधून दिलं. ते शोधताना मलाच पहिल्यांदा कळलं, की ते इतकं चांगलं आहे. पुढे मी दुकानात कुलूप तोडलेलं टाकणं बंद केलं. दोन-चार गिऱ्हाइकं तुटली.

एव्हाना मला सिस्टरचे तीन प्रश्न पाठ झाले होते. काढता येतं का? नेट गेल्यावर चालतं का? पहिले दोन मला पटायचे. तिसरा मात्र कळायचा नाही. त्या कीबोर्डवर दोन्ही हात ठेवायच्या, डोळे मिटायच्या आणि म्हणायच्या, आता सांग, कुठं दाबू? माउस त्यांना नकोच होता. जे सॉफ्टवेअर नुसत्या बटणांनी चालत नाही, ते कितीही चांगलं असलं तरी केसपेपरवर फुली. कीबोर्डच्या काही बटणांवर त्यांनी कपाळाच्या टिकल्या चिकटवल्या होत्या, लाल, बारक्या. मी हसून विचारलं, हे काय सिस्टर, कॉम्प्युटरचं हळदीकुंकू का? त्याही हसल्या आणि पुढचं बटण विचारलं.

मला वाटायचं, हा म्हातारपणीचा छंद आहे. कोणी कोडी सोडवतं, कोणी डोळे मिटून टायपिंग करतं. पण मन मात्र राहून राहून विचारायचं, काऊन? कशासाठी?

मग त्यांनी नवा मोबाइल घेतला आणि त्यात बोलणारं सॉफ्टवेअर चालू करून मागितलं. पडद्यावर बोट फिरेल तिथं काय आहे, ते मोठ्यानं सांगणारं. प्रत्येक मोबाइलमध्ये ते असतंच, पण आपण कधी त्या वाटेला जात नाही. मी चालू केलं. आतून एका बाईचा आवाज आला, शुद्ध, सपाट. सिस्टरनी कान देऊन ऐकलं आणि निदान केलं, की बाई शिकलेली आहे, पण कधी कोणाच्या घरी गेलेली दिसत नाही. बोलून लिहायची सोयही करून दाखवली. त्या म्हणाल्या, "मले पाणी पाह्यजे." पडद्यावर उमटलं, 'मला पाणी पाहिजे.' मी वाचून दाखवलं, तर सिस्टरचा चेहरा उतरला. मी बोलले एक अन् यानं लिहिलं दुसरं, असं कसं चालेल, म्हणाल्या. ते गेलं. मी बोटांनीच लिहीन, म्हणाल्या.

काय लिहायचं आहे, ते त्या सांगत नव्हत्या.

खुलासा झाला तो गोळ्यांच्या पाकिटावरून. सिस्टर निवृत्त झाल्या तरी गावातल्या बाया त्यांच्याकडे यायच्याच. डॉक्टरनं काय दिलंय, ही गोळी जेवणाआधी की नंतर, ही आणि ती एकच आहे का, असं विचारायला. त्या दिवशी त्यांनी मला विचारलं, की फोनच्या कॅमेऱ्यासमोर कागद धरला तर वाचून दाखवणारं काही मिळतं का? मी म्हटलं, मिळतं की. एक टाकून दिलं. सिस्टरनी कपाटातून गोळ्यांची दहा पाकिटं काढली आणि टेबलावर ओळीनं मांडली. ही पाकिटं त्यांना नुसत्या स्पर्शानं ओळखू येत होती. एकेक कॅमेऱ्यासमोर धरत गेल्या. फोनमधली बाई वाचत गेली. आठ बरोबर वाचली. दोन ठिकाणी चमकता कागद चुरगळलेला होता, तिथं तिनं गोळीची ताकद चुकीची सांगितली. पाचशेच्या जागी पन्नास.

मी म्हटलं, दहापैकी आठ म्हणजे चांगलंच की.

"शाळेत पास," सिस्टर म्हणाल्या. "इथं नाही."

बराच वेळ त्या पाकिटांवरून बोट फिरवत बसल्या. मग म्हणाल्या, "चुकलं ते आज समजलं, कारण मले गोळी ठाऊक होती. ठाऊक नसली तर मी कसं धरणार? मले तर दिसत नाही."

ते त्यांनी इतक्या सहज सांगितलं, की मला समजायला क्षणभर लागला. काचबिंदू होता. जालन्याच्या डॉक्टरनं सांगितलं तोवर डावा डोळा गेलेला होता. उजव्यातून, नळकांड्यातून पाहावं तेवढं दिसत होतं, पाकिटावरची छपाई लागत नव्हती, आणि ते नळकांडं बारीक होत चाललं होतं. औषधांनी वेग कमी होईल, पण गेलेलं परत येणार नाही. सिस्टरनी हे ऐकलं, घरी आल्या, आणि आठ दिवसांनी माझ्या दुकानात कॉम्प्युटर घ्यायला आल्या.

त्या छंद करत नव्हत्या. अंधार पडायच्या आधी घर लावून घेत होत्या.

त्यांनी मला दोन गोष्टी सांगितल्या. एक म्हणजे, ते वाचणारं अ‍ॅप पेपर आणि पत्रांसाठी ठेव. पेपरात चुकलं तर कोणी मरत नाही. पण गोळ्यांसाठी ते वापरायचं नाही. त्या दिवसानंतर सिस्टरनी कोणाचीही गोळी ओळखून दिली नाही. बाया यायच्या, तर त्यांना बसवून घ्यायच्या, चहा द्यायच्या आणि दवाखान्यातच विचारून ये म्हणायच्या. बायांना वाटलं, सिस्टर आता फटकून वागतात. सिस्टरनी वाटू दिलं. मला ते पाहवत नसे.

दुसरी गोष्ट, लेकीला सांगायचं नाही. तिला कळलं की ती येणार आणि नाशिकला घेऊन जाणार. तिचं घर चौथ्या मजल्यावर आहे, तिथं मी काय करीन? इथं मले पावलं माहीत हायेत, म्हणाल्या. दारापासून नळापर्यंत सात, नळापासून गल्लीच्या तोंडापर्यंत एकवीस. मी नाही सांगणार, असं कबूल केलं.

मग आम्ही फोन लावायला बसलो. लावायला म्हणजे कमी करायला. सिस्टरचं म्हणणं, जे मला बोटानं चाचपायचं आहे त्यात अडगळ नको. कंपनीनं आपणहून घातलेले खेळ, खरेदीची दुकानं, बातम्या, सगळं काढलं किंवा झाकून टाकलं. फोन, संदेश, घड्याळ, कॅलेंडर, कॅल्क्युलेटर, आकाशवाणी ऐकायचं एक, बोललेलं साठवून ठेवायचं एक, वाचून दाखवणारं ते, लिहायचं साधं, हवामान सांगणारं, आणि लेकीशी बोलायला व्हिडिओचं. अकरा. पडद्यावर कोणतं कुठं, ते त्यांनी दोन दिवसांत पाठ केलं. तुमच्या-माझ्या फोनमध्ये किती आहेत, कधी मोजून पाहा. मी त्या दिवशी घरी जाऊन मोजली. माझ्याकडे एकशे चौदा होती, आणि त्यातली तीसएक कशासाठी घेतली, ते मला आठवलं नाही.

कॉम्प्युटरवर त्या काय लिहीत होत्या, तेही एके दिवशी कळलं. त्यांच्या जुन्या उपकेंद्रावर नवीन सिस्टर आली होती, तरुण, परजिल्ह्यातली. तिच्यासाठी ह्या लिहीत होत्या. पावसाळ्यात कोणत्या नाल्याला पाणी आलं की कोणती वस्ती तुटते. कोणत्या घरी सून गरोदर असली तरी सातवा महिना लागेपर्यंत सांगत नाहीत, आणि तिथं कोणाच्या मार्फत जायचं. कोणत्या तांड्यावर लसीला सकाळी जाऊन उपयोग नाही, कारण सगळे मजुरीला जातात. अशी चाळीस पानं झाली. शेवटची दहा त्यांनी पडद्याकडे न बघता लिहिली. त्यात चुका होत्या, पण मी त्या दुरुस्त केल्या नाहीत. छापून, टाचून त्यांच्या हातात दिलं, तर त्यांनी कागदाचा वास घेतला.

आता जे सांगायचं आहे, त्यात मी चांगली दिसत नाही.

एका दुपारी नाशिकहून त्यांच्या लेकीचा फोन आला. दुकानाचा नंबर तिला बिलावर मिळाला होता. ती म्हणाली, आई हल्ली व्हिडिओवर बोलताना कुठंतरी भलतीकडेच बघते, विचारलं तर उडवून लावते. एकटी असते, बाहेर जाते, पडली-झडली तर मला कोण सांगणार? फोन कुठं आहे, ते लांबून दिसतं असं एक अ‍ॅप असतं. ते तुम्ही आईच्या फोनमध्ये टाकून द्या. पण तिला सांगू नका, ती ऐकणार नाही. बोलता बोलता ती रडायला लागली.

मी कबूल केलेलं पाळायचं, तर तिला खरं सांगता येत नव्हतं. आणि काहीच केलं नाही, तर सिस्टर एखाद्या दिवशी नळाऐवजी खड्ड्याकडे सात पावलं टाकतील, ही भीती मलाही होतीच. मग मी स्वतःशी एक हिशेब जुळवला. अ‍ॅप टाकलं की लेकीची काळजी मिटते, माझीही मिटते, आणि सिस्टरचं गुपितही राहतं. यात कोणाचं काय जातं? दोन दिवसांनी सिस्टर फोन नीट चार्ज होत नाही म्हणून घेऊन आल्या. मी चार्जिंगची जागा साफ केली, आणि ते अ‍ॅप टाकलं. शेवटच्या पानावर, कोपऱ्यात.

चौथ्या दिवशी सकाळी, मी शटर वर करत होते तेव्हा सिस्टर पायरीशी उभ्या होत्या. एकट्याच चालत आलेल्या. आत आल्या, स्टूल चाचपून बसल्या आणि फोन काउंटरवर ठेवला.

"अकरा होते," म्हणाल्या. "बारा झाले."

मी काय समजले होते कोण जाणे. ज्या फोनमधली बाई बोटाखाली आलेल्या प्रत्येक गोष्टीचं नाव मोठ्यानं घेते, त्यात काही लपवता येतं असं मला वाटलंच कसं? लपतं ते डोळ्यांनी बघणाऱ्यांपासून. मी सगळं सांगून टाकलं. लेकीचा फोन, तिचं रडणं, माझा हिशेब. सांगताना माझं मलाच ते कमी कमी पटत गेलं.

सिस्टर रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी मला एका सासूची गोष्ट सांगितली. सासू भली बाई होती. सुनेला दोन वर्षांत दोन लेकरं झालेली, अंगात रक्त नाही. सासू सिस्टरना म्हणाली, तपासायच्या निमित्तानं आत घ्या आणि तांबी बसवून द्या, तिला सांगू नका, ती घाबरट आहे, नाही म्हणेल. सुनेच्या चांगल्यासाठीच म्हणत होती.

"मंग?" मी विचारलं.

"सून बाहेर पायरीवर बसली होती. मी तिले आत बोलावलं अन् तिच्या सासूसमोर सगळं सांगतलं. काय हाये, कसं बसोतात, कसं काढतात. तिनं लय येळ विचार केला. मंग तीच म्हणे, बसवा." सिस्टरनी काउंटरवरच्या फोनवर बोट ठेवलं. "सांगतलं असतं तर मीही कदाचित बसवा म्हटलं असतं, माय. तू मले पायरीवरच ठेवलं."

काढून टाकते, म्हणून मी फोनला हात घातला, तर त्यांनी तो स्वतःकडे ओढून घेतला आणि तिथंच, माझ्यासमोर, लेकीला फोन लावला. मी उठायला लागले. बस, म्हणाल्या.

लेकीला त्यांनी सरळ सांगितलं. डावा गेला, उजव्याचं थोडं राहिलं, तेही जाईल. दोन वर्षांपासून माहीत आहे. पलीकडे लेक आधी रडली, मग चिडली, मला परकीसारखं ठेवलंस म्हणाली. सिस्टर ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "तू लपून बसवाले लावलं, मी लपून ठेवलं. दोघींची फिट्टंफाट झाली. आता मले सांग, तुले काय भेव वाटते?" मग दोघी कितीतरी वेळ बोलल्या. मी झेरॉक्सचं गिऱ्हाईक परत पाठवलं.

फोन ठेवल्यावर त्यांनी मला ते अ‍ॅप काय काय दाखवतं, ते पहिल्यापासून समजावून द्यायला लावलं. कोण बघू शकतं, कधीचं बघू शकतं, बंद कसं करायचं. मी एकदा बंद करून दाखवलं, मग त्यांनी स्वतः चालू करून पाहिलं.

"ठेव," म्हणाल्या. "अन् तुह्या फोनमध्येही मी दिसली पाह्यजे. तू टाकलं ना, मंग तूही पाह्य."

तेव्हापासून माझ्या फोनमध्ये एक निळा ठिपका आला. पुढे दीडेक वर्षात सिस्टरचा उजवा डोळाही गेला, पण ठिपका घरात बसून राहिला नाही. सकाळी गल्लीच्या तोंडापर्यंत, बाजाराच्या दिवशी भाजीच्या ओळीपर्यंत. महिन्यातून एकदा एसटीनं लोणारच्या रस्त्यानं जुन्या उपकेंद्रापर्यंत, नव्या सिस्टरकडे. ती सिस्टर ती चाळीस पानं पर्समध्ये घेऊन हिंडायची. ठिपका एके जागी फार वेळ थांबला की मी फोन करायचे. कधी त्या म्हणायच्या, सत्संगाला बसले आहे. कधी म्हणायच्या, कंटाळा आला म्हणून बसले, तुले काय करायचं?

गेल्या हिवाळ्यात त्यांच्या छातीत पाणी झालं. लेक आली, पंधरा दिवस राहिली, आणि या वेळी सिस्टरच म्हणाल्या, चल. एकटीनं जमत होतं तोवर जमलं. जायच्या आदल्या दिवशी मी कॉम्प्युटर खोक्यात भरून दिला. तो त्यांनी सोबतच नेला. निरोपाचं फारसं काही बोलल्या नाहीत. नाशिकला घराची पावलं नव्यानं मोजायला किती दिवस लागतील, याचा अंदाज करत होत्या. त्यांना त्याची उत्सुकताच होती, असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी निघाली. मी दुकानात बसून काम करता करता ठिपका बघत होते. शेंदुर्जन मागे पडलं. दुसरबीड यायच्या थोडं आधी ठिपका अचानक रस्ता सोडून डावीकडे वळला, शेतांमधून आत गेला आणि थांबला. त्या बाजूला त्यांची नोकरी कधी नव्हती. नातेवाईकही कोणी नव्हते, म्हणजे मला माहीत असलेले तरी नव्हते. पाच मिनिटं झाली, दहा झाली. गाडी बिघडली असेल म्हणून मी फोन हातात घेतला आणि परत ठेवला. पाऊण तास ठिपका तिथंच होता. मग हलला, रस्त्यावर आला, दुसरबीड, सिंदखेड राजा, जालना, आणि पुढं.

संध्याकाळी सिस्टरचा फोन आला, सुखरूप पोचलो म्हणून. प्रवास कसा झाला, मी विचारलं. बरा झाला, म्हणाल्या. त्या पाऊण तासाचा प्रश्न माझ्या जिभेवर होता, आणि मला वाटतं, त्यांनाही ते ठाऊक होतं. मी विचारलं, तिकडं थंडी आहे का? हाव, म्हणाल्या, लय हाये.

चार महिन्यांनी सिस्टर गेल्या. लेकीनं कळवलं. ती आता मधूनमधून फोन करते, आईच्या गोष्टी विचारते, मी सांगते. तिला तो पाऊण तास नक्की माहीत असणार. तिलाही मी विचारलेलं नाही; सिस्टरना सांगायचं असतं तर त्यांनीच सांगितलं असतं.

मालासाठी जालन्याला जाते तेव्हा एसटी त्याच रस्त्यानं जाते. दुसरबीडच्या अलीकडे डाव्या हाताला एक कच्चा रस्ता फुटतो. तोंडाशी कडुलिंब आहे, एक मोडका हातपंप आहे, आणि पुढे रस्ता तुरीच्या शेतांतून वळून दिसेनासा होतो. मी खिडकीतून तेवढा बघते. मग गाडी पुढे निघते.